दिनविशेष : २१ मे
मॉन्ट्रोजच्या मार्क्विसचा देहान्त (१६५०)

स्कॉटलंडचा राजनिष्ठ उमराव जेम्स ग्रॅहॅम, मॉन्ट्रोजचा पहिला मार्क्विस, यास १६५० साली आजच्या दिवशी एडिंबरोच्या भर चौकात फाशी देण्यात आले. १६१२ मध्ये जन्मलेला हा चौथ्या अर्लचा एकुलता एक पुत्र पितृनिधनामुळे १६२६ मध्येच जहागिरीचा धनी झाला आणि १६२९ मध्ये मॅग्डालिन कार्नेगीशी विवाहबद्ध झाला. धर्मव्यवस्थेतील राजाच्या हस्तक्षेपाविरुद्ध १६३८ च्या राष्ट्रीय प्रतिज्ञापत्रावर त्याने सही केली खरी. परंतु प्रतिज्ञापक्ष राजसत्ताच बळकावू पाहतो, अशी खात्री पटताच तो पहिल्या चार्ल्सच्या पक्षास मिळाला आणि १६४४-४५ मध्ये अल्पशा फौजेनिशी टिपरम्यूरपासून किल्सिथपर्यंत त्याने सहा लढाया जिंकल्या. याच मोहिमेत त्याचा किशोरवयीन ज्येष्ठ पुत्र जॉन निवर्तला; पुढे फिलिपहॉच्या पराभवानंतर त्यास परागंदा व्हावे लागले. दुसऱ्या चार्ल्ससाठी १६५० मध्ये तो परतला; पण कार्बिस्डेल येथे त्याची फौज मोडली, आणि त्याच सुमारास राजाने ब्रेडा येथे प्रतिज्ञापक्षाशीच करार केल्यामुळे, पूर्वीच ठोठावलेल्या शिक्षेचा अंमल नव्या चौकशीवाचून झाला. राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर, १६६१ मध्ये, त्याचे विखुरलेले अवशेष सेंट जाइल्स चर्चमध्ये सन्मानपूर्वक दफन करण्यात आले. मार्क्विसपद द्वितीय पुत्र जेम्स याच्या वंशात चालले. स्वामीने पाठ फिरविली तरी वचनापासून न ढळणारी त्याची निष्ठा आजही आदरास पात्र आहे.