लोकरीचा चेंडू आणि बोर्डीचे शिंपले

१८५१ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या सातव्या तारखेस प्रशियाच्या शिक्षणमंत्र्यानें एक हुकूम काढला. जर्मनींतील राज्यक्रांतीचा उठाव होऊन तीनच वर्षें झालीं होतीं, आणि तो मोडून काढल्यावर सरकारची वक्र दृष्टि वर्तमानपत्रें, मंडळ्या व विद्यापीठें यांवर असावी यांत नवल नाहीं. परंतु या हुकुमानें बंदी घातली ती अगदीं लहान मुलांच्या शाळांवर! तेथें समाजवादाचें व नास्तिकपणाचें शिक्षण मिळतें, असें कारण मंत्री कार्ल फॉन राउमर यानें दिलें. प्रत्यक्षांत तेथें मुलें लाकडी ठोकळे रचीत, कागदाच्या घड्या घालीत आणि भिजविलेल्या वाटाण्यांत काड्या खोंचून इवलालीं घरें उभीं करीत.

घोटाळ्याचें एक कारण नांवांतच होतें. या शाळांचा जनक फ्रीड्रिख फ्रोबेल. त्याचा पुतण्या कार्ल फ्रोबेल हा पुरोगामी मतांचा असून त्यानें स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविषयीं व बालशाळांविषयीं एक पत्रक छापलें होतें. मंत्रिमहाशयांनीं चुलत्याला आणि पुतण्याला एकाच दावणीस बांधलें. पुढें खुलासा झाला, विनवण्या झाल्या, तरी हुकूम फिरला नाहीं. सत्तरीच्या घरांत आलेला फ्रोबेल पुढच्याच वर्षीं, २१ जून १८५२ रोजीं वारला. बंदी उठली ती १८६० मध्यें. मात्र मंत्र्याची भीति सर्वस्वीं खुळी होती असें आम्हांस वाटत नाहीं. जें मूल वस्तु स्वतःच्या हातानें जुळवितें, मोडतें व पुन्हा निराळ्या रीतीनें जुळवितें, त्याच्या मनांत भोंवतालच्या व्यवस्थेविषयींही केव्हां तरी तोच विचार यावयाचा!

फ्रोबेलचा जन्म १७८२ सालीं थ्युरिंगियांतील एका खेड्यांत झाला. तो नऊ महिन्यांचा असतां आई वारली. बाप पाद्री, आणि आपल्या धर्मकार्यांत गढलेला. पोरकें पोर रानांत रमलें. पंधराव्या वर्षीं त्याला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस ठेवलें. पुढें १८०८ ते १८१० हीं दोन वर्षें तो स्वित्झर्लंडांत इव्हर्दों येथें पेस्तालोत्सीच्या शाळेंत राहिला, आणि वस्तु आधीं व शब्द मागून हें सूत्र त्यानें तेथून उचललें. पण त्याच्या ठोकळ्यांचें खरें मूळ कोणत्याही शाळेंत नाहीं. बर्लिन येथें प्राध्यापक वाइस यांच्या हाताखालीं तो खनिजांच्या संग्रहालयांत काम करीत होता, आणि स्फटिकांचे कोन व पैलू न्याहाळण्यांत त्याचे दिवसचे दिवस जात. दगडाच्या पोटांतही एक नियम वाढत असतो, मग तो मुलाच्या मनांत कां नसावा, असा विचार त्याच्या डोक्यांत शिरला. १८३७ सालीं ब्लांकनबुर्ग येथें त्यानें लहान मुलांसाठीं खेळांची संस्था काढली, व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हें नांव दिलें. आपल्याकडील 'बालोद्यान' हा शब्द त्याचेंच सरळ भाषांतर होय.

या बागेंतील साधनांना फ्रोबेल 'देणग्या' म्हणे. पहिली देणगी सहा लोकरी चेंडूंची, सहा रंगांचीं. प्रत्येकास एक दोरी. दुसरींत लांकडी गोल, घन आणि या दोहोंमधला दंडगोल. गोल गडगडतो, घन बसून राहतो, दंडगोल उभा केला तर बसतो व आडवा केला तर पळतो. तीन वर्षांचें मूल हा भेद बोटांनीं शिकतें, आणि त्याला तो सांगण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य व्यर्थ शिणतो. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. येथें मुलाला प्रथम कळतें कीं जें एक दिसत होतें तें अनेक होतें. चार एका हातांत, चार दुसऱ्यांत, मग दोन-दोन, मग एकेक, आणि शेवटीं सर्व मिळून पुन्हा तोच पहिला घन. अपूर्णांकाचा सारा धडा या आठ तुकड्यांत सांठविलेला आहे.

या खेळाचा एक नियम फार मार्मिक होता. कांहीं बांधतांना सर्व तुकडे वापरावयाचे, एकही बाजूला टाकावयाचा नाहीं. आणि एक रचना झाली कीं ती धाडकन् पाडावयाची नाहीं, तर एकेक ठोकळा हलवून तिच्यांतूनच दुसरी काढावयाची. खुर्चीची पायरी व्हावी, पायरीची विहीर व्हावी. याच आठ ठोकळ्यांनीं कधीं संसारांतील वस्तु, कधीं गणितांतील आकृति आणि कधीं केवळ शोभेची नक्षी सिद्ध होई. फ्रोबेलच्या थडग्यावर घन, त्यावर दंडगोल व त्यावर गोल अशी दगडी रास आहे. याहून यथार्थ स्मारक आमच्या पाहण्यांत नाहीं.

परंतु खेळाचे नियम फार झाले कीं त्याचें कर्मकांड होतें. बंदीच्या काळांत व नंतर बॅरोनेस मारेनहोल्ट्स-ब्यूलो या विदुषीनें ही पद्धति युरोपभर नेली. अमेरिकेंत १८५६ सालीं वॉटरटाऊन गांवीं मार्गारेट शुर्त्स हिनें जर्मन बोलणाऱ्या मुलांसाठीं पहिली बाग लावली. १८७३ मध्यें सुसान ब्लो हिच्या खटपटीनें सेंट लुई शहराच्या सरकारी शाळांत तिला जागा मिळाली. मिल्टन ब्रॅडली या खेळांच्या कारखानदारानें देणग्यांच्या पेट्या विक्रीस आणल्या. असल्याच पेटीशीं लहानपणीं खेळल्याचा परिणाम आपल्या इमारतींवर झाला, असें फ्रँक लॉइड राइट या प्रसिद्ध वास्तुकारानें पुढें लिहून ठेवलें आहे. पण सर्वत्र राइट निपजले नाहींत. मेजांवर इंचाइंचाच्या चौकोनांच्या रेषा आंखलेल्या. बाई सांगणार, "पहिला ठोकळा पुढें", आणि वीस मुलें एकदम पहिला ठोकळा पुढें सारणार. हाताला मोकळीक देण्यासाठीं केलेली वस्तु हाताची कवाईत करूं लागली. १८९० सालीं ॲना ब्रायन या शिक्षिकेनें या अक्षरपूजेवर जाहीर टीका केली, व तिची शिष्या पॅटी स्मिथ हिल हिनें, मुलांना आंत शिरून बसतां येईल अशीं घरें बांधण्याजोगे, मोठमोठे ठोकळे तयार केले. मेजावरचें काम अशा रीतीनें जमिनीवर उतरलें.

येथें एका भारतीयाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. फ्रोबेलपंथी पेट्यांत रंगीत कागदाच्या चौकोनांची एक देणगी असे. ती पाहून मद्रासच्या टी. सुंदर राव यांना एक पुस्तक सुचलें, व तें १८९३ सालीं मद्रासेंत छापलें गेलें. पट्टी नाहीं, कंपास नाहीं. केवळ कागद दुमडून त्यांनीं पंचकोनापासून शांकव वक्रांपर्यंत भूमिति मांडून दाखविली. जर्मनींतील नामांकित गणिती फेलिक्स क्लाइन यानें त्याची वाखाणणी केली, आणि १९०१ सालीं अमेरिकेंत त्याची आवृत्ति निघाली. थ्युरिंगियांत शिशूंसाठीं निघालेला खेळ मद्रासेंत प्रौढांचें गणित होऊन परत जर्मनीच्या दारीं गेला, ही कथा आपल्या शाळांतून फारशी सांगितली जात नाहीं.

दुसरें मोठें वळण रोमचें. ६ जानेवारी १९०७ रोजीं सान लोरेंत्सो या दरिद्री वस्तींत डॉ. मारिया माँतेसोरी यांनीं 'बालगृह' उघडलें. त्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर. मंदबुद्धि मुलांसाठीं इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांनीं योजलेलीं साधनें त्यांनीं आधीं अभ्यासिलीं होतीं. दट्ट्यांची फळी घ्या. प्रत्येक दट्ट्या आपल्याच भोंकांत बसतो. चुकला तर शेवटीं एक दट्ट्या उरतो, आणि चूक दाखविण्यास बाईची गरज राहत नाहीं. एक ते दहा सेंटिमीटरांच्या दहा घनांचा गुलाबी मनोरा, खरकागदाचीं अक्षरें, गुंड्या लावण्याच्या चौकटी, सर्वांत हीच युक्ति. एके दिवशीं शिक्षिकेस उशीर झाला, कपाट उघडें राहिलें होतें, आणि मुलांनीं आपापलें आवडतें साधन काढून काम सुरू केलें. तेव्हांपासून माँतेसोरी यांनीं कुलुपाच्या कपाटांऐवजीं मुलांच्या हाताला पोंचणारीं ठेंगणीं कपाटें ठेविलीं. शिक्षणशास्त्राच्या कित्येक ग्रंथांपेक्षां ही उघड्या कपाटाची गोष्ट आम्हांस मोलाची वाटते.

आपल्याकडे हा विचार आणणाऱ्यांत भावनगरचे गिजुभाई बधेका अग्रगण्य. वकिली सोडून १९२० सालीं त्यांनीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें, व साधनांच्या जोडीला लोककथा, गाणीं आणि नाटकें यांना स्थान दिलें. १९२३ मध्यें ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्यें ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला. १९३९ सालीं, गिजुभाई वारल्यावर कांहीं महिन्यांनीं, स्वतः माँतेसोरी मद्रासजवळ अड्यार येथें आल्या, आणि महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला.

शहरांत सारें ठीक चाललें होतें. चकचकीत मनोरे, रंगीत मणी, स्वच्छ सदरे घातलेलीं मुलें. पण हीं साधनें महाग, आणि दादरच्या मध्यमवर्गाखेरीज तीं कोणाच्या घरापर्यंत जाणार, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसूं देईना. नांव झालेलें, वय त्रेपन्न, अशा स्थितींत त्या १९४५ च्या अखेरीस ठाणें जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षीं लग्न होऊन सहा महिन्यांच्या आंत वैधव्य आलेल्या, व पुढें पुण्यांत शिक्षिका झालेल्या या बाईंनीं उरलेलें सारें आयुष्य या कामास दिलें. बोर्डीस साधनांची पेटी नव्हती. शंख-शिंपले, खडे, बिया, पानें, माती मात्र वाटेल तेवढी होती. दहा शिंपले लहानमोठे लावले तर त्यांतही मनोऱ्याचा धडा आहे. चिंचोके मोजतां येतात, रांगोळीसारखे मांडतां येतात, आणि एखादा हरवला तर कोणी रागें भरत नाहीं. मोडण्याची भीति नाहींशी झाली कीं मुलाचा हात किती धीट होतो हें ज्यांच्या घरीं महागडें खेळणें कपाटावर ठेवलेलें आहे त्यांना निराळें सांगावयास नको.

पुढची अडचण साधनांची नव्हती. अस्पृश्य गणल्या गेलेल्या वस्तींतील मुलें बालवाडीकडे फिरकत ना. तेव्हां बालवाडीच उठून त्या वस्तींत गेली; एखाद्या घरापुढचें अंगण झाडून, मुलांना न्हाऊंमाखूं घालून तेथेंच शिंपले मांडले जाऊं लागले. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मास आला. १९५७ मध्यें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेलें. तेथलीं मोठीं मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळा त्यांच्यामागून कुरणांत गेली व 'कुरणशाळा' झाली. ताराबाई १९७३ सालीं वारल्या, तारीख ३१ ऑगस्ट. माँतेसोरी यांचा जन्मदिवसही तोच, हा योगायोग सहज नजरेस पडतो. अनुताईंनीं १९९२ पर्यंत टेकडी सोडली नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना देशांतील ३३ ठिकाणीं सुरू केली, व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव पडलें. शब्द बोर्डीहून निघून काश्मीरपर्यंत पोंचला. योजनेच्या सहा सेवांपैकीं शाळापूर्व शिक्षण ही एक. परंतु मुलांचें वजन घेणें, आहार वांटणें आणि नोंदी भरणें हें सारें जेथें एकाच सेविकेच्या गळ्यांत असतें, तेथें शिंपल्यांच्या टोपलीची पाळी दिवस सरतां सरतां येते, व पुष्कळदां येतही नाहीं.