कोयनेचा आकडा आणि सुपा धरण

सुपा हे गाव आज काळी नदीच्या जलाशयाखाली आहे. एके काळी ते तालुक्याचे ठाणे होते. आता तो मान जोयड्याकडे आहे, आणि धरणग्रस्तांपैकी कितीतरी घरे रामनगरात आहेत. गणेशगुडीचे १०१ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण १९८७ साली पुरे झाले. गाव बुडाल्याचे दुःख आपण पुष्कळदा बोलून दाखवतो. भिंत किती हादरा सोसेल हे कशावरून ठरते, असे मात्र क्वचितच विचारतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आधी कोयनेला जावे लागते.

कोयनेचे धरण १०३ मीटर उंच. त्याची आखणी झाली तेव्हा दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित, असा जाणकारांचाही समज होता. तरी खबरदारी म्हणून अभियंत्यांनी भिंतीच्या वजनाच्या ५ टक्के इतका आडवा जोर हिशेबात धरला. जलाशय भरू लागल्यावर खोऱ्यात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा धक्का बसला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि धरणाच्याच भुयारातील यंत्राने गुरुत्वप्रवेगाच्या ६३ टक्के इतका कंप नोंदवला.

५ आणि ६३ हे आकडे शेजारी मांडून अभियंत्यांना हसणे सोपे आहे. पण ते रास्त नाही. पहिला सतत लागणारा जोर मानलेला, दुसरा क्षणभराचा कळस. भिंतीला उतार बदलतो त्या उंचीवर भेगा पडल्या, पण ती उभी राहिली. काँक्रीटमध्ये हिशेबापलीकडची ताकद शिल्लक होती, हे आपले भाग्य. खरी चूक वेगळीच होती. जुन्या नोंदी पाणी साठण्यापूर्वीच्या खोऱ्याच्या होत्या, आणि पाण्याने ते खोरेच बदलून टाकले होते.

पुराचा हिशेबही असाच फसवा. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हटले की माणूस शंभर वर्षे निश्चिंत होतो. त्याचा खरा अर्थ, दरसाल शंभरात एक शक्यता. पन्नास वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात जवळजवळ चाळीस होते! आणि हे गणित पावसाच्या ज्या वह्यांवर उभे, त्या आपल्या घाटात किती जुन्या असणार?

कोयनेनंतर भिंतीला मागून आधार देऊन ती जाड केली गेली. १९७० च्या भूकंप-नकाशातून शून्य क्रमांकाचा पट्टा वगळला गेला आणि कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात गेला. आजच्या नकाशात आपला उत्तर कन्नड जिल्हा तिसऱ्या पट्ट्यात आहे. सुप्याची भिंत उभी राहिली ती हा बदल झाल्यानंतर. तिच्या खाली त्याच काळी नदीवर कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणे आहेत, कद्र्याच्या काठी कैगाची अणुभट्टी आहे, आणि त्यापुढे कारवारपर्यंत वस्ती आहे.