पुनर्मीलनानंतरची रचना : 'इंडस क्रीड' या वाद्यवृंदाच्या इतिहासातील एक प्रश्न

फड फुटला किंवा नाटक मंडळी दुभंगली, हा शब्दप्रयोग उदगीरपासून कोकणापर्यंत कोणालाही नवा नाही. फुटण्याची कारणे लोक आवडीने सांगतात. पैसा, मान आणि मुख्य भूमिकेचा वाद ही त्यांतली नेहमीची. फुटलेली मंडळी पुन्हा जुळल्याची नोंद मात्र इतिहासलेखनात क्वचितच सविस्तर आढळते. जुळल्यानंतर जे घडते ते जुन्याचीच उजळणी असते, असा समज त्यामागे असावा. हा समज सर्वस्वी निराधार नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ 'संयुक्त मानापमान'चा जो विख्यात प्रयोग झाला, त्यात केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. या दोन मंडळ्या मुळात एक नव्हत्या, प्रतिस्पर्धी होत्या; त्या येथे एकत्र आल्या, आणि तेही १९११ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकासाठी. त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला केशवराव निवर्तले. त्या रात्रीतून नवी कृती निर्माण होण्यास अवसरच उरला नाही.

पुनर्मीलनातून नवी कृती निघते तेव्हा काय घडते, हे पाहण्यास मुंबईतीलच एक अलीकडचे उदाहरण उपयोगी पडते. 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद १९८४ साली स्थापन झाला. त्या काळी मुंबईच्या महाविद्यालयीन जलशांतून परदेशी वृंदांची गाणी हुबेहूब वाजविणे हीच कर्तबगारीची कसोटी होती. श्रोते स्वतःच्या रचनेची अपेक्षा करीत नसत. किंबहुना ती ऐकवली तर कंटाळत. अशा वातावरणात १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० साली 'द सेकंड कमिंग' हे स्वरचित गीतांचे दोन संग्रह या वृंदाने काढले, ही गोष्ट केवळ संगीताच्या नव्हे, तर नागर मध्यमवर्गाच्या इतिहासातही नोंदण्याजोगी आहे. ही गीते इंग्रजीत होती, यावरून त्यांना परकी ठरविणे सोपे आहे. पण धोबी तलावाच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली तासन्‌तास उभे राहणारे श्रोते मुंबईचेच होते.

१९९१ नंतर उपग्रह दूरचित्रवाणी आली आणि एम टीव्ही ही वाहिनी घरोघर पोहोचली. १९९३ साली या वृंदाने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले व त्याच वर्षी 'प्रेटी चाइल्ड' या गीताच्या चित्रफितीस एम टीव्हीचा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली नव्या नावाचाच संग्रह निघाला. नामांतरात अस्मितेचा शोध होता हे उघड आहे. यंत्राचे नाव टाकून सिंधूचे नाव घेणाऱ्या मंडळींना आपण कोणाचे, हा प्रश्न पडू लागला होता. तथापि ज्या वाहिन्यांनी या वृंदाला दृश्य केले, त्याच पुढे हिंदी चित्रपटगीतांकडे व हिंदी पॉपकडे वळल्या, कारण जाहिरातदार तिकडे होते. १९९७ साली वृंद विसर्जित झाला. येथे भांडणाचा शोध घेण्यापेक्षा बाजारपेठेचा शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

मधल्या तेरा वर्षांचा काळ रिकामा नव्हता. गायक उदय बेनेगल यांनी न्यूयॉर्कमध्ये जयेश गांधी यांच्यासमवेत 'आम्स फॉर शांती' हा वृंद उभारला. इकडे मुंबईत रंगभवन शांतता क्षेत्रात मोडल्यामुळे तेथील जलसे बंद पडले. २००७ साली लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' हे संगीतगृह उघडले. ज्या आवारात गिरणीचा भोंगा वाजत असे तेथे विद्युत गिटार वाजू लागली, आणि २०१६ साली तेही बंद झाले. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या दहा वर्षांकडे पाहिले तर त्यांना पुष्कळ सामग्री मिळेल.

२०१० साली 'इंडस क्रीड' पुन्हा एकत्र आला. बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कळवाद्यांवरील झुबिन बालापोरिया हे जुने. बासवादक रुशाद मिस्त्री आणि ढोलवादक जय राव कवी हे नवे. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले; 'पर्ल जॅम'च्या १९९१ सालच्या पहिल्या संग्रहाचे मिश्रण करणारे तेच हे पामर. पूर्वीच्या गीतांत गायकाचा आवाज प्रारंभीच पुढे येऊन आव्हान देतो. 'फायरफ्लाइज' या गीतात वाद्ये आधी अवकाश निर्माण करतात आणि आवाज त्यात उशिरा प्रवेश करतो. गिटारवादन कमी चमकदार झाले आहे, पण अधिक स्तरांचे. ज्येष्ठ वादक जेव्हा वाजविण्याइतकेच न वाजविण्यासही महत्त्व देतो, तेव्हा त्यास परिपक्वता म्हणावे की उत्साहाचा ऱ्हास, याविषयी मतभेद संभवतो. येथे पहिला पक्षच बलवत्तर वाटतो, कारण जुन्या यशस्वी गीतांची नक्कल करण्याचा सोपा मार्ग मोकळा असूनही तो घेतलेला नाही.

हे उदाहरण एकाकी नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यास वॉशिंग्टनच्या कर्कश संगीतातून 'इमो' नावाचा अत्यंत आत्मनिष्ठ प्रकार निघाला. त्याच परंपरेतील इलिनॉय राज्याच्या अर्बाना गावचा 'अमेरिकन फुटबॉल' हा वृंद १९९९ साली एकच संग्रह काढून पुढच्याच वर्षी विरून गेला. तो संग्रह हळूहळू कानोकानी पसरला. २०१४ साली वादक एकत्र आले. २०१६ व २०१९ साली दोन संग्रह निघाले. पहिल्याच्या मुखपृष्ठावर विद्यार्थ्यांच्या वस्तीतील एका घराचा बाहेरील भाग आहे, दुसऱ्यावर त्याच घराचा अंतर्भाग, आणि तिसऱ्यावर घर नाहीच, मोकळे माळरान आहे. विशीतल्या विरहाचे गीत चाळिशीत गाताना ते खोटे वाटू नये म्हणून या गायकांनी संसार, पितृत्व व थकवा हे विषय स्वीकारले. तिसऱ्या संग्रहात इतर गायिकांचे आवाजही घेतले.

दोन्ही वृंदांतील भेदही दुर्लक्षिता येत नाही. अमेरिकन वृंदाला त्याच्या अनुपस्थितीनेच कीर्ती दिली. परतताना त्याच्यासमोर वाट पाहणारा श्रोता तयार होता. 'इंडस क्रीड'चा जुना श्रोता रंगभवनाबरोबर पांगलेला होता आणि नव्या श्रोत्यास १९९३ चा पुरस्कार ठाऊक नव्हता. त्यामुळे 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह स्मरणरंजनावर उभा राहू शकला नसता. पाचांपैकी दोघे नवे असताना तो वृंद तोच म्हणावा काय, हा प्रश्नही येथेच येतो. नाटक मंडळ्यांत नट बदलत, नाव टिके. 'ललितकलादर्श' केशवरावांच्या मागे बापूराव पेंढारकरांनी चालविलीच. त्या न्यायाने नावाचे सातत्य मान्य करण्यास अडचण नाही. मात्र सातत्य नावाचे आहे, ध्वनीचे नव्हे, हे ध्यानात ठेवूनच १९८८ च्या ध्वनिफिती व २०१२ चा संग्रह समोरासमोर ठेवले पाहिजेत. त्यांतील जुन्या कॅसेटी आज झिजत आहेत, आणि ज्यांनी त्या विकत घेतल्या होत्या ती पिढी आता साठीकडे झुकली आहे.