घुणाक्षरे

संस्कृत शास्त्रकारांनी लोकव्यवहारातून जे अनेक न्याय वेचून ठेविले आहेत, त्यांत घुणाक्षरन्याय मोठा मार्मिक आहे. घुण नावाचा किडा लाकूड पोखरीत जातो आणि पोखरता पोखरता एखादे वेळी लाकडावर अक्षरासारखी आकृती उमटते. किड्यास लिपी ठाऊक नसते, लिहिण्याची इच्छाही नसते. तरी पाहणारा म्हणतो, हे अक्षर आहे. अमूर्त चित्रापुढे उभ्या राहिलेल्या पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांच्या मनात, न्यायाचे नाव ठाऊक नसले तरी, नेमका हाच आक्षेप असतो. रंग ओघळला, डाग पडला, त्यास चौकट मिळाली. ह्यात चित्रकाराचे कर्तृत्व ते कोणते? प्रश्न रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

हा प्रश्न आजचाही नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने ऱ्होड्स बेटातील प्रोटोजेनीस नामक चित्रकाराची एक आख्यायिका दिली आहे. इयालिसस ह्या वीराचे चित्र तो काढीत होता. चित्रात एक धापा टाकणारा कुत्रा होता आणि त्याच्या तोंडचा फेस काही केल्या साधेना. पुनःपुन्हा पुसून काढूनही तो रंगविलेलाच दिसे. अखेर संतापून त्याने रंग पुसण्याचा स्पंज चित्रावर फेकून मारिला, आणि स्पंजाच्या आघाताने हवा तसा फेस उमटला! ही गोष्ट सांगून लोक यदृच्छेचा जयजयकार करितात. परंतु तोच प्लिनी त्याच चित्राविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, ती सहसा कोणी सांगत नाही. काळाच्या ओघात वरचा थर झडला तर खालच्याने त्याची जागा घ्यावी, म्हणून प्रोटोजेनीसाने त्या चित्रावर रंगाचे चार थर चढविले होते. स्पंज एका क्षणात फेकला गेला खरा. पण ज्या फलकावर तो आदळला, तो किती दिवसांच्या कष्टाने सिद्ध झाला होता!

पुढे लिओनार्दो दा विंची ह्याने भिंतीवरील डागांत डोंगर, नद्या व युद्धे पाहण्याचा उपदेश शिष्यांस केला, आणि 1785 च्या सुमारास अलेक्झांडर कोझेन्स ह्या इंग्रज चित्रकाराने शाईच्या डागांवरून निसर्गचित्रे रचण्याची पद्धतच पुस्तकरूपाने मांडिली. तथापि ह्या सर्वांचा डाग शेवटी डोंगर तरी होई, नाहीतर झाड. डागास डागच राहू देऊन त्यातून चित्र उभे करण्याचे साहस विसाव्या शतकाने केले. त्याचे एक थोर उदाहरण आमच्याच लोकांत होऊन गेले, म्हणून ते येथे सविस्तर पाहू.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपुरास झाला. घराणे गोव्याचे, बालपण गिरगावच्या चाळीत. 1948 साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. आरंभी ते मनुष्याकृती काढीत. लघुचित्रांची रेषा आणि पाउल क्ले ह्या चित्रकाराची कृती ह्या दोहोंचा त्यांच्यावर संस्कार होता. 1957 साली टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांस पारितोषिक मिळाले. त्यानंतर आकृती मावळत गेल्या आणि केवळ रंग व प्रकाश उरला. आपल्या चित्रांस 'अमूर्त' म्हणणे त्यांस रुचत नसे. ते 'वस्तुनिरपेक्ष' म्हणत.

त्यांची रीत विलक्षण होती. कुंचला त्यांनी जवळजवळ दूर सारिला आणि रूळ व सुरी हाती घेतली. रुळाने तैलरंगाचा पातळ थर पसरावयाचा, तो वाळू द्यावयाचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. मध्येच सुरीने खरवडून खालचा रंग वर आणावयाचा. तैलरंग पाण्याच्या रंगाप्रमाणे घटकेत सुकत नाही. त्यातील तेल हवेशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते, त्यास दिवसच्या दिवस लागतात. पुढे वर्तमानपत्रांचे व मासिकांचे फाडलेले कपटे ते ओल्या रंगावर दाबून उचलीत. कपट्याबरोबर किती रंग निघेल आणि किती राहील हे पूर्णतः कोणाच्याच हाती नसते. ह्या रीतीने त्यांच्या चित्रफलकांवर अनोळखी लिपीसारख्या आकृती उमटल्या. हीच ती घुणाक्षरे!

मग किडा आणि चित्रकार ह्यांत भेद कोणता? आमच्या मते भेद उमटविण्यात नसून ठेवण्यात आहे. किडा आपले अक्षर ओलांडून पुढे पोखरीत जातो, गायतोंडे थांबत. पुढचा थर देण्यापूर्वी ते दीर्घकाळ नुसते पाहत बसत. जे उमटले ते राहावे की खरवडले जावे, हा निर्णय यदृच्छेचा नव्हे. पाच-सहा चित्रे पुरी झाली की त्यांचे वर्ष सरे. इतका अल्प हिशेब त्यांनी पत्करिला, आणि त्याची किंमतही मोजिली. 1972 पासून ते दिल्लीच्या निझामुद्दीन भागात एका गच्चीवरील खोलीत एकाकी व साधेपणाने राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, 2013 साली, त्यांचे 1979 चे एक चित्र मुंबईच्या लिलावात 23 कोटी 70 लाख रुपयांस गेले, ही बातमी वाचून ज्यांचे डोळे विस्फारले त्यांनी त्या खोलीचेही स्मरण ठेवावे.

एक यदृच्छा मात्र खरवडता येण्याजोगी नव्हती. 1984 साली दिल्लीत त्यांस अपघात झाला, शरीर जायबंदी झाले आणि मोठे फलक काही वर्षे सुटले. ज्याने आयुष्यभर आकस्मिकास फलकावर बोलावून त्याची पारख केली, त्याच्यावर आकस्मिक असे न बोलाविता कोसळले. त्या काळात त्यांनी लहान कागदांवर शाईने लिपीसदृश आकृती काढिल्या, आणि पुढे ते पुन्हा फलकाकडे वळले. 1998 नंतर त्यांनी चित्र काढिले नाही. 2001 साली ते निवर्तले.

आपल्या भाषेत अशा घटनेस कर्मधर्मसंयोग म्हणतात. त्या शब्दात संयोग शेवटी येतो आणि कर्म आधी, हे आपण बोलताना विसरतो. यापुढे अशा चित्रासमोर उभे राहण्याचा प्रसंग आला, तर हा डाग कसा पडला असे न विचारता, हा पुसून का टाकिला नाही, असे वाचकांनी एकवार विचारून पाहावे. उत्तर लगेच मिळणार नाही. परंतु ज्या चित्रापाशी चित्रकार इतके दिवस बसला, त्यापाशी आपणही घटकाभर बसावयास काय हरकत आहे?