काविळीचे दुसरे कारण

१९५५ साली यमुनेला पूर आला. तो ओसरल्यावर नदीचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या जलकेंद्रापर्यंत पोहोचले. डिसेंबर व जानेवारीत दिल्लीतील सुमारे २९,३०० माणसांना कावीळ झाली. तिचे मूळ म्हणजे आज हिपॅटायटिस-ई या नावाने ओळखला जाणारा विषाणू होय, हे पुष्कळ वर्षांनी उमगले.

साथीच्या दिवसांत प्रत्येक पिवळ्या डोळ्याला एकच नाव मिळते. परंतु कावीळ हा रोग नव्हे, ती खूण आहे. यकृतातील पित्ताची वाट अडली तरी तीच खूण उमटते. आणि ही वाट अडविणाऱ्या कारणांत पित्तनलिकेचा कर्करोग मोठा फसवा आहे.

१९६५ साली अमेरिकेतील जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी अशा १३ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. यकृतातून निघणाऱ्या दोन नलिकांच्या संगमावरच त्यांच्या गाठी होत्या. गाठ इतकी लहान, की पोट उघडूनही ती सहज नजरेतून सुटावी. आणि तरीही पित्त कोंडून ती रुग्णाचा जीव घेई.

पुढे जपानी संशोधकांनी यकृतातील या कर्करोगाच्या वाढीच्या तीन तऱ्हा वेगळ्या केल्या. पाटाच्या पाण्याची उपमा घेतली तर उलगडा होतो. कधी पाटावर दरड कोसळावी तसा गोळा वाढतो. तो चित्रात स्पष्ट दिसतो. कधी पाटाचे काठच जाड होत जावेत तसा रोग नलिकेच्या भिंतीतून सरकतो. गाठ दिसत नाही, केवळ वाट अरुंद झालेली दिसते. कधी पाटाच्या आत शेवाळ माजावे तसा तो पोकळीत वाढतो, आणि पित्तखडा असल्याचा भास होतो. ही तिसरी तऱ्हा वेळीच ओळखून काढली, तर बहुधा इतर दोहोंपेक्षा आशादायक ठरते.

उलट फसगतही होते. शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीतून येणारी एक सूज नलिका अशीच अरुंद करते; ती शस्त्रक्रियेवाचून, स्टेरॉइड औषधांनी निवळते. म्हणून चुंबकीय प्रतिमेवर न थांबता पेशींची तपासणी करावी लागते.

साथ ओसरली त्याच १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. आज वसंत कुंजात यकृत व पित्त यांनाच वाहिलेली स्वतंत्र संस्थाही आहे. साधने दाराशी आली. तथापि अंगाला खाज, गडद लघवी आणि मातकट पांढरा मळ यांसह वाढणारी कावीळ पथ्यपाण्यावर आठवडेच्या आठवडे काढते, तेव्हा रोग वाढत असतो. काविळीवर उपाय शोधण्यापूर्वी तिचे कारण शोधावे, हाच या इतिहासाचा बोध होय.