मातीकामाची कोरणी

धारच्या फडके स्टुडिओचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके (१८८४–१९७२) मूळचे वसईचे. मुंबईत चौपाटीवर उभा असलेला लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचाच. १९६१ साली ते पद्मश्री झाले. अशा शिल्पकाराची लाकडी हत्यारं संग्रहालयात मांडायची झाली, तर खालच्या पाटीवर काय लिहावं?

दगडाच्या हत्यारांना आपल्याकडे नावांची ददात नाही. पाथरवटाची टाकी संस्कृत ‘टंक’मधून आली (पाण्याची टाकी वेगळी). तोच टंक नाण्यावर उमटला आणि टांकसाळीत जाऊन बसला. पुढे टंकलेखनातही शिरला. छिन्नी शब्दातच ‘छिन्न’ आहे. धार-देवास ही पवारांची संस्थानं होती, त्यामुळे तिथल्या मराठी घरांच्या कानांवर शेजारची हिंदी ‘छेनी’ही पडते, दोघींच्या मुळाशी धातू एकच, छिद्. थोडक्यात, सगळी तोडफोड.

मातीकाम मात्र उलट्या वाटेनं चालतं. आधी भर घालायची, मग जादा काढायची, पुन्हा घालायची. त्यासाठी चपट्या, पानासारख्या टोकांच्या, गुळगुळीत लाकडी पट्ट्या लागतात. ओल्या मातीत लोखंड गंजतं. या लाकडी पट्ट्यांना आपण कोरणी म्हणतो. लेखणी, चाळणी, फुंकणी यांच्या पंगतीतलं हे ‘-णी’ प्रत्ययाचं नाव. कानकोरणीही त्याच घरातली! पण ही कोरणी कोरते कमी; दाबते, लिंपते आणि चोपडं करते जास्त.

जुन्यांना हा फरक ठाऊक होता. धारच्याच भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात लेप्यकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. लेप, लेप्य, लिंपणं ही एकाच ‘लिप्’ धातूची लेकरं. त्याहून गंमत ‘मूर्ती’ची. तिचा धातू मूर्छ्, म्हणजे घट्ट होणं, गोठणं. मूर्च्छाही त्यातूनच आली. मऊ होतं ते थिजून आकाराला आलं की मूर्ती. दगड फोडणाऱ्यापेक्षा माती थापणाऱ्यालाच हा शब्द जास्त शोभतो, असं माझं मत.

मग कोरणीला ‘लेपणी’ म्हणावं का? नको, डोळ्यांपुढे गिलाव्याची भिंत येते. कोरणीच राहू द्या, पाटीवर फक्त ‘मातीकामाची’ एवढं जोडा. नाहीतर बघणारा विचारील, या काडीनं दगड फुटायचा कसा?