किती वेळा? लकवा गेलेल्या हाताचा इतिहास

आजची गोष्ट बॉस्टन, वेल्लोर आणि गुम्मिडिपूंडी या तीन गावांमधून जाते. पहिली दोन तुम्ही ऐकली असतील. गुम्मिडिपूंडी म्हणजे चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळ, लोकलच्या मार्गावरचं कारखान्यांचं गाव. आम्ही तिथे राहतो.

माझे वडील, आण्णा, मूळचे खानापूर तालुक्यातले. विटा-खानापूरकडचे गलाईवाले देशभर पसरले आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सोनं-चांदी आटवायची आणि शुद्ध करून द्यायची, हा त्यांचा धंदा. आण्णांनी जन्मभर चेन्नईच्या सावकारपेठेत हेच काम केलं. तापलेली मूस सांडशीत धरायची ती उजव्या हातानं. लकव्यानं नेमका तोच हात नेला.

पाय दोन महिन्यांत चालता झाला, पण हात काही उघडेना. सहा महिने झाल्यावर आम्हाला सांगण्यात आलं, "आता यायचं तेवढं आलं." आम्ही मान डोलावली आणि व्यायाम बंद केला. पुढे कधीतरी मला प्रश्न पडला, हे सहा महिने कुणी ठरवले? त्या प्रश्नामागे जाताना जे सापडलं, ते आज सांगतो.

१९५१ साली बॉस्टनच्या थॉमस ट्विचेल या डॉक्टरांनी पक्षाघातानंतर हालचाल कोणत्या क्रमानं परत येते, ते बारकाईनं नोंदवून प्रसिद्ध केलं. आधी खांदा, मग कोपर आणि बोटं सर्वांत शेवटी. कित्येकांची वाट मध्येच थांबते, हेही त्यांनी पाहिलं. ट्विचेल यांनी लिहिलं ते निरीक्षण होतं. पण अशा निरीक्षणांचा व्यवहारात नियम होऊन बसतो, की लवकर आलं नाही तर येत नाही. मोठ्या माणसाचा मेंदू नव्यानं जुळणी करत नाही, ही तेव्हाची समजूत त्याला धरूनच होती.

त्याच काळात वेल्लोरला वेगळं काही दिसत होतं. कोल्ली डोंगरात जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ साली ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगानं वाकडी झालेली बोटं सरळ करण्यासाठी ते एका चांगल्या स्नायूचा कंडरा दुसऱ्या कामाला जोडत. पण टाके सुकले म्हणजे काम संपलं, असं नव्हतं. ज्या स्नायूनं आजवर एक काम केलं, त्याच्याकडून आता दुसरं करून घ्यायचं, ते रुग्णाला रोज सरावानं शिकावं लागे. आणि मोठी माणसं ते शिकत होती. इथे मेंदू शाबूत होता, हा फरक विसरून चालणार नाही. तरी सरावाची ताकद तिथे रोज डोळ्यांसमोर होती.

तिथल्याच डॉ. मेरी व्हर्गीस यांचा १९५४ साली अपघात झाला आणि कमरेखालचं अंग गेलं. त्यानंतर त्या चाकाच्या खुर्चीत बसून अशा हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे अमेरिकेत पुनर्वसनशास्त्र शिकून त्या परतल्या आणि १९६६ साली वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली.

इजा झालेल्या मेंदूचं काय, याचं उत्तर १९९६ साली मिळू लागलं. रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूत हाताचा ताबा असलेल्या भागाला छोटी इजा केली आणि मग त्यांना बारीक खळग्यांतून खाऊ उचलण्याचा सराव दिला. त्या सरावामुळे हाताचा उरलेला भाग मेंदूत टिकला, काही ठिकाणी पसरलाही. मेंदू बदलतो, पण काम करून घेतलं तर.

किती काम? बॉस्टनशेजारच्या एमआयटीत नेव्हिल होगन आणि हेर्मानो क्रेब्स यांनी 'एमआयटी-मॅनस' हे यंत्र केलं होतं. रुग्णानं दांडा धरून पडद्यावरच्या खुणेकडे न्यायचा. हात अडला तर यंत्र ढकलतं आणि स्वतः गेला तर गप्प बसतं. दमत नाही, कंटाळत नाही, मोजायला चुकत नाही.

आता दोन आकडे लक्षात ठेवा. २००९ साली कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी ३१२ उपचारसत्रं बसून पाहिली. हातानं काही काम करण्याचा सराव ज्या सत्रांत झाला, तिथे तो सरासरी ३२ वेळा होता. उलट अमेरिकेतल्या १२७ माजी सैनिकांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यंत्रावरच्या एका सत्रात सरासरी १,०२४ हालचाली झाल्या.

त्या सगळ्यांच्या पक्षाघाताला सहा महिने उलटून गेले होते. बारा आठवड्यांनी यंत्र नेहमीच्या उपचारापेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. छत्तीस आठवड्यांनी मात्र थोडी, पण खरी सुधारणा दिसली. आणि जिथे माणसानंच तेवढा भरपूर सराव करून घेतला, तिथेही फळ यंत्राच्या जवळपासच मिळालं. म्हणजे गुण आवृत्तींचा होता, लोखंडाचा नव्हता.

यंत्राचं कौतुक मापात ठेवायला दुसरंही कारण आहे. २०१९ साली ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत यंत्रावरच्या सरावानं रोजच्या कामातला हात नेहमीच्या उपचारापेक्षा सुधारला नाही. पडद्यावरची खूण गाठणारा हात आपोआप पेला उचलत नाही. पेल्याचा सराव पेल्यानंच करावा लागतो.

मग यंत्र कशाला? कारण रोज शेकडो वेळा हात धरून बसणारा माणूस गावोगाव मिळत नाही. गुम्मिडिपूंडीहून वेल्लोर दीडशे किलोमीटरच्या पुढे. रुग्णाला घेऊन रोज कोण जाणार? म्हणून आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या त्याच कॉलेजानं मिळून केलेलं 'प्लूटो' मला महत्त्वाचं वाटतं. टेबलावर मावणारं, मोटर एकच. मनगट, पंजा पालथा-उताणा करणं, मूठ उघडणं-मिटणं, ज्या हालचालीचा सराव हवा तो भाग त्याला जोडायचा आणि पडद्यावर खेळ खेळायचा. २०२५ साली ते बाजारात आणल्याचं जाहीर झालं.

आमच्या घरी असं यंत्र नाही. आम्ही एका थेरपिस्टला विचारून पुन्हा सुरुवात केली, लकव्यानंतर दोन वर्षांनी. आधी टेबलावर फडकं सरकवणं, मग एका वाटीतून दुसऱ्या वाटीत चिंचोके टाकणं. आई भिंतीवर खडूनं रेघा मारते. पहिल्या दिवशी अकरा झाले. आता तीनशे होतात. आण्णा सांडशी धरू शकत नाहीत, पुढेही धरतील असं मला वाटत नाही. पण शर्टाची खालची दोन बटणं ते स्वतः लावतात आणि त्या वेळी कुणी मदतीला गेलं की चिडतात.

मधली दीड वर्षं आम्ही फुकट घालवली. ती आता मागता येत नाहीत. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर यंत्र आहे का, हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: रोज किती वेळा? आकडा भिंतीवर लिहून ठेवा.